‘पॅरा’ने सुरू होणारे इंग्रजी शब्द कसे उकलावेत

वर्तमानपत्रात एकाच पानावर कधीकधी दोन बातम्या शेजारीशेजारी येतात. एकीत सीमेवरच्या कारवाईतले ‘पॅरा कमांडो’ असतात आणि दुसरीत निवडणुकीच्या बंदोबस्तासाठी आलेली ‘पॅरामिलिटरी’ दले असतात. दोन्ही शब्द गणवेशातल्या माणसांचे आणि दोन्हींच्या आरंभी ‘पॅरा’ आहे, त्यामुळे हा ‘पॅरा’ एकच असावा असे वाचणाऱ्याला वाटले तर त्यात त्याची चूक नाही. प्रत्यक्षात पहिला ‘पॅरा’ हा पॅराशूट या शब्दाचा तोडून घेतलेला तुकडा असून तो लॅटिन कुळातला आहे, तर दुसरा ग्रीक आहे आणि त्याचा अर्थ ‘शेजारचा, जोडीचा’ असा आहे. मराठीने या दुसऱ्या शब्दासाठी ‘निमलष्करी’ असा प्रतिशब्द केला, आणि त्यातला ‘निम’ फारसीतल्या ‘नीम’ म्हणजे ‘अर्धा’ या शब्दावरून आला. लष्कराच्या शेजारचे, पण पूर्ण लष्कर नसलेले, हा भाव मराठीने आपल्या पद्धतीने नेमका पकडला आहे.

इंग्रजी शिकवताना उपसर्गांची यादी फळ्यावर लिहून द्यायची आणि ती मुलांकडून पाठ करून घ्यायची, अशी रीत आहे. मीही अनेक वर्षे तसेच केले. ‘पॅरा म्हणजे शेजारी’ असे मी लिहून दिले होते आणि पुढच्याच चाचणीत एका विद्यार्थिनीने पॅराशूट या शब्दाचा अर्थ ‘शेजारी पडणारी वस्तू’ असा लिहिला. तिने मी सांगितले तसेच केले होते. यादी अपुरी होती आणि शब्द कसा तपासायचा हे मी शिकवलेच नव्हते. ती पद्धत एकाच उपसर्गाच्या आधाराने येथे मांडतो आहे. ‘पॅरा’ निवडण्याचे कारण असे की या चार अक्षरांखाली, म्हणजे पी, ए, आर, ए या अक्षरांखाली, किमान तीन-चार वेगवेगळी कुळे नांदतात आणि ती ओळखता आली तर इतर उपसर्गांना हात घालणे सोपे जाते.

मराठी माणसाला ही गोष्ट मुळात नवी नाही. ‘बेफिकीर’ आणि ‘बेचाळीस’ या दोन्ही शब्दांच्या आरंभी ‘बे’ आहे, पण पहिल्यातला ‘बे’ फारसी असून त्याचा अर्थ ‘विना’ असा होतो, तर दुसऱ्यातला ‘बे’ हा ‘बे एके बे’ मधला, म्हणजे दोन. बेचाळीस म्हणजे ‘चाळिसाशिवाय’ असे कोणी म्हणत नाही, कारण भाषा आपल्या अंगवळणी पडलेली असते. इंग्रजी तशी अंगवळणी नसल्यामुळे तेथे हे काम जाणीवपूर्वक करावे लागते.

पहिले काम: उरलेला भाग हातात घ्या

शब्दाचे पुढचे ‘पॅरा’ झाकावे आणि मागे काय उरते ते पाहावे. आपले लक्ष नेहमी उपसर्गाकडे जाते, पण कूळ सांगतो तो उरलेला भाग. तो ग्रीक असेल तर ‘पॅरा’ही बहुधा ग्रीकच असतो, आणि तो फ्रेंच किंवा इटालियन नाम असेल तर सावध व्हावे. उरलेला भाग ग्रीक आहे हे कसे कळावे, असा प्रश्न येईल. त्यासाठी ग्रीक येण्याची गरज नाही. तोच भाग आणखी कोणत्या इंग्रजी शब्दांत दिसतो ते आठवावे. ‘ग्राफ’ टेलिग्राफमध्ये, ऑटोग्राफमध्ये आणि फोटोग्राफमध्ये आहे, ‘मीटर’ थर्मामीटरमध्ये आहे, ‘डॉक्स’ ऑर्थोडॉक्समध्ये आहे. विज्ञान, वैद्यक आणि तर्कशास्त्र यांच्या शब्दांत वारंवार भेटणारे तुकडे बहुतेक ग्रीक असतात.

पॅराग्राफ हाच शब्द घेऊ. ‘ग्राफ’ म्हणजे लिहिणे, म्हणून पॅराग्राफ म्हणजे ‘शेजारी लिहिलेले’. पण मजकुराच्या तुकड्याला ‘शेजारी लिहिलेले’ का म्हणावे? याचे उत्तर जुन्या ग्रीक हस्तलिखितांत मिळते. त्यांत शब्दांमध्ये जागा सोडत नसत आणि नवा विषय नव्या ओळीवर सुरू करण्याचीही पद्धत नव्हती. सगळा मजकूर एकसलग चालायचा. जेथे विषय बदलतो किंवा नाटकातला बोलणारा बदलतो, तेथे ओळीच्या आरंभाखाली, डाव्या समासाला लागून, एक छोटी आडवी रेघ ओढत. त्या शेजारच्या रेघेला ‘पाराग्राफोस’ म्हणत. पुढे रेघ गेली आणि तिचे नाव तिने दाखवलेल्या तुकड्याला चिकटले. ज्यांनी मोडी कागदपत्रे पाहिली आहेत त्यांना या रेघेचे मोल लगेच कळेल, कारण मोडीतही आधी शिरोरेषा ओढून घेऊन तिच्याखाली शब्द न तोडता, विरामचिन्हांशिवाय सलग लिहीत जात, आणि वाचणाऱ्याला अर्थ कोठे तुटतो ते स्वतःच हुडकावे लागते. मराठीने पॅराग्राफसाठी ‘परिच्छेद’ हा शब्द घेतला, त्यात ‘छेद’ म्हणजे कापणे आहे. ग्रीक शब्द खुणेकडे पाहतो आणि आपला शब्द तुकडा पाडण्याकडे पाहतो.

ग्रीक ‘पारा’चे अर्थ

या ग्रीक ‘पारा’चा मूळ अर्थ ‘शेजारी, बाजूने’ असा आहे, पण तो तेवढ्यावर थांबत नाही. जी वस्तू शेजारी ठेवली तिची तुलना होते. जी बाजूने जाते ती कधी पुढे, पलीकडे निघून जाते. जी बाजूला सरकते ती वाटेवरून ढळते आणि मग उलट, विरुद्ध होते. शेजारी, पलीकडे, ढळलेले, विरुद्ध, असे चार टप्पे ध्यानात ठेवले तर या कुळातला जवळपास प्रत्येक शब्द यांपैकी एका टप्प्यावर सापडतो.

पॅरलल हा शब्द पहिल्याच टप्प्यावरचा. त्याचा उत्तरभाग ग्रीकमध्ये ‘अल्लोस’ म्हणजे ‘दुसरा’ हा शब्द दोनदा जोडून तयार झाला आहे आणि त्याचा अर्थ ‘एकमेकांना’ असा होतो. संस्कृतात ‘अन्य’ दोनदा जोडून ‘अन्योन्य’ झाला, तीच घडण ही. पॅरलल म्हणजे अन्योन्यांच्या शेजारी. हे एकदा कळले की या इंग्रजी शब्दाच्या स्पेलिंगमध्ये दोन एल कोठे आणि एक एल कोठे हा विद्यार्थ्यांचा छळही बराच कमी होतो, कारण ‘अल्लोस’मधले जोड-एल आधी येतात.

पॅरासाइट या शब्दात ‘सितोस’ म्हणजे धान्य, अन्न आहे. पॅरासाइट म्हणजे जेवताना शेजारी बसणारा. अथेन्समध्ये देवस्थानाच्या भोजनात पुजाऱ्यांबरोबर पंगतीला बसणाऱ्या मानकऱ्यांना हे नाव होते आणि त्यात काही कमीपणा नव्हता. नंतर ग्रीक विनोदी नाटकांत श्रीमंताच्या घरी रोज जेवायला टपकणारा आणि त्या बदल्यात त्याची तोंडपुजेपणाने स्तुती करणारा माणूस हे ठरलेले पात्र बनले आणि शब्दाची पत घसरली. इंग्रजीत तो सोळाव्या शतकात आला तो याच अर्थाने. दुसऱ्या जीवावर जगणाऱ्या वनस्पतींना आणि प्राण्यांना तो अठराव्या शतकात लागू झाला. म्हणजे आज आपण ज्याला शब्दाचा मूळ, शास्त्रीय अर्थ समजतो तो वास्तविक सर्वांत उशिरा आलेला आहे. मराठीत उलटा प्रवास दिसतो. ‘बांडगूळ’ आधी आंब्याच्या फांदीवरचे, मग माणसाला लागलेले.

पॅराडॉक्समध्ये ‘डॉक्सा’ म्हणजे मत, समजूत आहे, आणि ‘पारा’ येथे विरुद्ध या टप्प्यावर आहे. रूढ समजुतीच्या विरुद्ध जाणारे ते पॅराडॉक्स. ऑर्थोडॉक्स म्हणजे ज्याचे मत ‘सरळ’ आहे तो. पॅरानोइया या शब्दात ‘नूस’ म्हणजे मन आहे, आणि मन जागेवरून ढळले हा त्याचा अर्थ. पॅराफ्रेज म्हणजे शेजारी ठेवलेले दुसरे कथन.

पॅरालिसिसपाशी मात्र थोडे थांबायला हवे. त्याचा उत्तरभाग ‘सैल होणे, सुटणे’ या ग्रीक क्रियापदापासून आला आहे. तोच भाग रसायनशास्त्रातल्या अ‍ॅनालिसिस आणि हायड्रोलिसिसमध्ये आहे. पॅरालिसिस म्हणजे बाजू सैल पडणे. आयुर्वेदाने या विकाराला ‘पक्षाघात’ म्हटले, आणि ‘पक्ष’ म्हणजेही बाजू. दोन दूरच्या वैद्यपरंपरांनी रोग्याच्या खाटेजवळ उभे राहून एकच गोष्ट पाहिली, की शरीराची एक बाजू गेली आहे, आणि दोघींनी नावात ‘बाजू’ ठेवली. विद्यार्थ्याला पॅरालिसिस शिकवताना पक्षाघात हा शब्द समोर ठेवला की दोन्ही शब्द एकमेकांना धरून ठेवतात. असे करता येते तेथे अवश्य करावे.

येथे एक इशारा देणे जरूर आहे. संस्कृत शिकलेल्याला ‘प्र, परा, अप, सम्’ ही उपसर्गांची यादी पाठ असते, आणि तिच्यातला ‘परा’ तो लगेच ग्रीक ‘पारा’शी जोडतो. नाते आहे. दोन्ही एकाच प्राचीन धातुकुळातून आले, असे भाषाशास्त्र सांगते. पण हजारो वर्षांत अर्थ वेगळे वाढले. पराजय, पराभव यांतला ‘परा’ ‘दूर, उलट’ असा आहे. त्यामुळे संस्कृत ‘परा’च्या अर्थाने ग्रीक शब्द लावायला गेले तर गफलत होते. ‘परजीवी’ या शब्दाचा ‘पॅरासाइट’शी जुळलेला सूर तर अधिकच फसवा आहे, कारण तेथे ‘पर’ म्हणजे दुसरा.

एक शब्द, सात वाटा

ग्रीक कुळातला मला सर्वांत समृद्ध वाटणारा शब्द पॅरबल. त्याचा उत्तरभाग ‘फेकणे’ या क्रियापदाचा. पॅरबल म्हणजे शेजारी टाकलेली गोष्ट, म्हणजे एका गोष्टीच्या शेजारी दुसरी ठेवून केलेली तुलना, दृष्टांत. येशूच्या दृष्टांतकथांना हे नाव मिळाले. लॅटिनमध्ये हा शब्द ‘पाराबोला’ म्हणून गेला, आणि चर्चमध्ये दृष्टांत इतके ऐकले गेले की ‘पाराबोला’चा अर्थ हळूहळू नुसते ‘बोलणे’ असा झाला. त्यातून फ्रेंच ‘पार्ले’ आणि इटालियन ‘पार्लारे’ म्हणजे बोलणे ही क्रियापदे निघाली, स्पॅनिशमध्ये ‘पालाब्रा’ आणि पोर्तुगीजमध्ये ‘पालाव्रा’ म्हणजे शब्द असे शब्द तयार झाले. ज्या सभेत बोलणे चालते ते पार्लमेंट, आणि घरात ज्या खोलीत बसून बोलतात ते पार्लर. मराठी शहरांतल्या प्रत्येक गल्लीत असलेले ब्यूटी पार्लर म्हणजे मुळात बोलण्याची जागा होय.

याच वंशातला ‘पॅरोल’ आपल्याकडे मराठीइतकाच रुळला आहे. ‘पॅरोलवर सुटलेला कैदी’ हे शब्द आपण रोज वाचतो. फ्रेंचमध्ये ‘पारोल’ म्हणजे शब्द, वचन. युद्धकैद्याने पळून जाणार नाही असा शब्द दिला की त्याला मोकळे फिरू देत, त्यावरून ही सवलत आली. शब्द देणे, शब्द पाळणे, शब्दाला जागणे या अर्थाने आपणही ‘शब्द’ हाच शब्द वापरतो, त्यामुळे पॅरोल मराठी माणसाला फार चटकन उमगतो.

आणि मग पॅराबोला, गणितातला. इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकाच्या अखेरीस पेर्गा येथील अपोलोनियस या गणितज्ञाने शंकूच्या छेदांवर ग्रंथ रचला आणि तीन वक्रांना एलिप्स, पॅराबोला आणि हायपरबोला ही नावे दिली. त्याच्या रचनेत एका रेषेवर क्षेत्रफळ लावून पाहिले जाते. ते कमी भरले तर एलिप्स, म्हणजे उणे, बरोबर शेजारी बसले तर पॅराबोला, आणि पलीकडे गेले तर हायपरबोला. मराठी पाठ्यपुस्तकांत पॅराबोलाला ‘अन्वस्त’ आणि हायपरबोलाला ‘अपास्त’ म्हणतात. विद्यार्थी या नावांना घाबरतात, कारण त्यांना त्यात सूर्यास्ताचा ‘अस्त’ दिसतो. हा ‘अस्त’ वेगळा आहे. ‘अस्’ म्हणजे फेकणे या धातूचे ते रूप आहे. अनु म्हणजे बाजूने, अनुसरून, आणि अस्त म्हणजे फेकलेले, म्हणून अन्वस्त. अप म्हणजे दूर, म्हणून अपास्त. ग्रीक शब्दाचे एकेक हाड तपासून संस्कृतात बसवलेले हे शब्द आहेत आणि ते करणाऱ्यांविषयी मला मनापासून आदर वाटतो.

दुसरे काम: ‘ए’ गळाला आहे का पाहा

ग्रीक ‘पारा’च्या पुढे स्वर आला की त्याचा शेवटचा ‘आ’ गळतो आणि ‘पार’ एवढेच उरते. म्हणून कुळातले काही शब्द यादीतून निसटतात. पॅरेन्थेसिस म्हणजे कंस, यात ‘आत ठेवणे’ हा उत्तरभाग आहे. पॅरोडी यात ‘ओड’ म्हणजे गाणे आहे, एका गाण्याच्या शेजारी उभे केलेले दुसरे गाणे, आपले विडंबनगीत. पॅरिश यात ‘ओइकोस’ म्हणजे घर आहे. वसईच्या ख्रिस्ती समाजात पॅरिशला ‘धर्मग्राम’ म्हणतात. ग्रीक शब्दाचा अर्थ शेजारी राहणारे, परक्या गावात वस्तीला आलेले लोक असा होता. शब्दकोशात ‘पॅरा’खाली हे तिन्ही शब्द सापडणार नाहीत. म्हणून पी-ए-आर या तीनच अक्षरांखालीही चाळून पाहावे, पण तेथे पार्क, पार्सल, पॅरट असे संबंध नसलेले शब्द पुष्कळ आहेत, हे ध्यानात ठेवावे.

तिसरे काम: कंसातली साखळी शेवटापासून वाचा

चांगल्या इंग्रजी शब्दकोशात प्रत्येक शब्दाबरोबर व्युत्पत्तीचा एक छोटा कंस असतो आणि बहुतेक वाचक तो ओलांडून जातात. त्यात भाषांची नावे संक्षेपाने दिलेली असतात. ग्रीकसाठी जी-के, लॅटिनसाठी एल, फ्रेंचसाठी एफ किंवा एफ-आर, इटालियनसाठी आय-टी. सर्वांत अलीकडची भाषा आधी आणि सर्वांत जुनी शेवटी, असा क्रम असतो, त्यामुळे ती साखळी शेवटापासून मागे वाचत यावी. पॅराशूटची साखळी पाहिली की माझ्या विद्यार्थिनीची अडचण तेथेच सुटते, कारण तिच्यात ग्रीक कोठेही नाही.

लॅटिनमध्ये ‘पारारे’ म्हणजे तयारी करणे, सज्ज करणे. प्रिपेअर, रिपेअर, अ‍ॅपरेटस हे शब्द त्यातूनच आले. इटालियनमध्ये त्याचा अर्थ ‘वार अडवणे, थोपवणे’ असा झाला, आणि मग ‘पारा’ हे रूप नामांना जोडून ‘अमुक अडवणारे’ असे शब्द तयार होऊ लागले. ‘सोले’ म्हणजे सूर्य, म्हणून पॅरासोल म्हणजे ऊन अडवणारी छत्री. फ्रेंचमध्ये ‘प्लुई’ म्हणजे पाऊस, म्हणून पावसाची छत्री ‘पाराप्लुई’, वारा अडवणारा आडपडदा ‘पारावाँ’, आणि वीज अडवणारी सळई ‘पारातोनेर’. ‘श्यूट’ म्हणजे पडणे. १७८३ मध्ये लुई सेबास्तियाँ लनोर्मां या फ्रेंच गृहस्थाने माँपेल्ये येथील वेधशाळेच्या मनोऱ्यावरून आपल्या साधनासह उडी घेतली, आणि पॅराशूट हा शब्दही त्यानेच घडवला असे मानले जाते. पॅराशूट म्हणजे पडणे थोपवणारे.

या कुळातला पॅरापेट मात्र जरा वेगळा वागतो. आपल्याकडे बांधकामाच्या बोलण्यात गच्चीच्या कठड्याला सर्रास ‘पॅरापेट’ म्हणतात. त्यात ‘पेत्तो’ म्हणजे छाती आहे. बाकीच्या शब्दांत दुसरा भाग संकटाचा असतो, ऊन, पाऊस, पडणे. येथे दुसरा भाग ज्याचे रक्षण करायचे त्याचा आहे. तटावर उभ्या असलेल्या सैनिकाची छाती झाकेल इतक्या उंचीची भिंत ती पॅरापेट. गडकिल्ले हिंडणाऱ्याने एकदा तटावरच्या चर्यांच्या आड उभे राहून पाहावे. भिंत नेमकी कोठवर येते ते कळले की शब्द पुन्हा विसरत नाही.

पॅराशूटला पुढे मुले झाली. पॅराट्रूपर, पॅरा कमांडो, कामशेत आणि पाचगणीच्या डोंगरांवरून होणारे पॅराग्लायडिंग, तारकर्लीच्या आणि गोव्याच्या किनाऱ्यावरचे पॅरासेलिंग. या सगळ्यांत ‘पॅरा’ म्हणजे अख्खे पॅराशूट. उपसर्गाने आपल्यात संपूर्ण शब्द सामावून घेतला आहे.

जे कोणत्याच कुळात नाहीत

पॅरडाइस हा शब्द पाहिल्यावर तो ग्रीक वाटतो, आणि तो ग्रीकमधून आलाही आहे, पण त्यातला ‘पॅरा’ ग्रीक नाही. मूळ शब्द प्राचीन इराणी आहे, अवेस्तेतला ‘पइरि-दएझ’. ‘पइरि’ म्हणजे आपला ‘परि’, सभोवार, परिसर आणि परिक्रमा यांतला. ‘दएझ’ म्हणजे मातीचा थर देऊन उभारलेली भिंत, आणि त्याचा धातू संस्कृतातल्या ‘दिह्’ म्हणजे लिंपणे याचा सख्खा भाऊ. ‘देह’ त्याच धातूचा, आणि ऋग्वेदात ‘देही’ हा शब्द तट, बांध या अर्थाने आला आहे. सभोवार भिंत घातलेली बाग, एवढाच या शब्दाचा अर्थ होता. इसवी सनपूर्व चौथ्या शतकात झेनोफन या ग्रीक लेखकाने इराणी राजांच्या शिकारीच्या बागांचे वर्णन करताना तो ग्रीकमध्ये वापरला. पुढे हिब्रू धर्मग्रंथाचे ग्रीक भाषांतर झाले तेव्हा एदेनच्या बागेला हाच शब्द योजला गेला आणि कुंपणाची बाग स्वर्ग झाली. अरबी-फारसीत त्याचा ‘फिर्दौस’ झाला, जो उर्दू शायरीमुळे आपल्या कानांना ओळखीचा आहे. मराठी वाचकाला या इंग्रजी शब्दाचे दोन्ही अवयव घरचे निघतात, असे भाग्य फार थोड्या शब्दांच्या बाबतीत लाभते.

पॅराफिन हा शब्द १८३० मध्ये कार्ल फॉन रायखेनबाख या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने जाणूनबुजून घडवला. लाकडाच्या डांबरातून त्याला मेणासारखा पदार्थ मिळाला, जो इतर पदार्थांशी सहसा संयोग पावत नव्हता. लॅटिन ‘पारुम’ म्हणजे थोडे आणि ‘आफिनिस’ म्हणजे नात्यातला, यांवरून त्याने नाव ठेवले, नाती थोडी असलेला. येथे शब्द ‘पॅरा’ आणि ‘फिन’ असा तोडणेच चूक आहे, तो ‘पार’ आणि ‘अ‍ॅफिन’ असा तुटतो.

पॅरामाउंट आणि पॅरामोर यांतही ‘पॅरा’ नाही. जुन्या फ्रेंचमधल्या ‘पार’ या शब्दयोगी अव्ययाला ‘आमाँ’ म्हणजे डोंगराकडे, वर, हा शब्द जोडून पहिला झाला, आणि ‘आमूर’ म्हणजे प्रेम जोडून दुसरा. ब्रिटिश सरकार कोल्हापूर, सांगली, औंध, सावंतवाडी या संस्थानांवर जी अधिसत्ता सांगत असे ती पॅरामाउंट सत्ता, आणि ती १९४७ मध्ये संपली.

चौथे काम: शब्दाचे जन्मसाल पाहा

विसाव्या शतकात घडलेल्या शब्दांत दोन्ही ‘पॅरा’ एकमेकांत मिसळतात, आणि तेथे सालाशिवाय निर्णय होत नाही. पॅरामेडिक हा शब्द विसाव्या शतकाच्या मध्याला अमेरिकेत पॅराशूटने उतरणाऱ्या लष्करी वैद्यकीय सेवकासाठी वापरला जात होता. आज रुग्णवाहिकेत येणारा पॅरामेडिक मात्र ‘पॅरामेडिकल’वरून आलेला, म्हणजे डॉक्टरांच्या जोडीने काम करणारा. अक्षरे तीच, पण मूळ वेगळे.

पॅरालिम्पिकची कथा याहून बोलकी आहे. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिम्पिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, डॉक्टर लुडविग गुटमन यांनी स्टोक मँडेव्हिल येथील रुग्णालयात मज्जारज्जूला इजा झालेल्या १६ जखमी सैनिकांची तिरंदाजी स्पर्धा भरवली. तिचे वाढते रूप १९६० मध्ये रोममध्ये पोहोचले. ‘पॅरालिम्पिक’ हा शब्द आधी पॅराप्लेजिया, म्हणजे दोन्ही पाय लुळे पडण्याचा विकार, आणि ऑलिम्पिक यांच्या जोडीतून आला. नंतर अन्य प्रकारचे अपंगत्व असलेले खेळाडू आले आणि तो अर्थ तोकडा पडला, तेव्हा ‘ऑलिम्पिकच्या बरोबरीने, शेजारी चालणारी स्पर्धा’ असा अर्थ अधिकृतपणे स्वीकारला गेला. सांगली जिल्ह्यातील पेठ गावचे मुरलीकांत पेटकर, ज्यांना १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, त्यांनी १९७२ मध्ये हायडेलबर्ग येथे ५० मीटर जलतरणात सुवर्णपदक मिळवले. भारताचे ते पॅरालिम्पिकमधले पहिले वैयक्तिक सुवर्ण. अपंगत्वाच्या नावावरून निघालेला शब्द बरोबरीच्या अर्थाला आला, हा बदल मला फार मोलाचा वाटतो.

रसायनशास्त्राने ग्रीक ‘पारा’ला एक नेमकी जागाच दिली आहे. बेन्झीनच्या सहा कार्बनांच्या कड्यावर दोन गट शेजारी असतील तर ऑर्थो, एक सोडून असतील तर मेटा, आणि अगदी समोरासमोर असतील तर पॅरा. ताप आल्यावर आपण जी गोळी घेतो तिच्या पाकिटावर पॅरासिटामॉल असे लिहिलेले असते. ते ‘पॅरा-अ‍ॅसिटिल-अमिनो-फिनॉल’ या लांब नावातले तुकडे उचलून तयार झाले आहे. त्याच नावातले वेगळे तुकडे उचलून अमेरिकेत अ‍ॅसिटामिनोफेन झाले. औषध एकच.

वही कशी ठेवावी

वहीच्या पानावर शब्द डाव्या बाजूला लिहावा, त्याच्यापुढे तो जेथे खरोखर तुटतो तेथे उभी रेघ मारावी, उत्तरभागाचा अर्थ मराठीत लिहावा आणि कूळ एका अक्षराने नोंदवावे, ग्रीकसाठी ‘ग’, पारारेसाठी ‘प’, एकट्या शब्दांसाठी ‘ए’. मराठी प्रतिशब्द त्याच ओळीत लिहून तो काय पाहतो तेही दोन शब्दांत टिपावे, जसे पॅरालिसिससमोर ‘पक्षाघात, बाजू’. आठवड्याला पाच शब्द पुरेत. ज्याचे कूळ लागले नाही तो शब्द पेन्सिलीने लिहावा आणि लागल्यावर शाईने करावा. अंदाजाने शाई वापरू नये.

सरावासाठी ‘परेड’ हा शब्द घ्या. ‘पॅरा’ झाकले तर ‘ड’ उरतो आणि त्याला स्वतंत्र अर्थ नाही, म्हणजे शब्द तेथे तुटत नाही. कंसातली साखळी शेवटापासून वाचली तर लॅटिन ‘पारारे’, सज्ज करणे, मग इटालियन आणि स्पॅनिश, मग फ्रेंच, असा मार्ग दिसतो. सज्ज करून मांडलेले दृश्य, ती परेड. प्रजासत्ताकदिनाच्या संचलनात पॅराशूट रेजिमेंटची तुकडी चालत असेल तर तिचे नाव आणि ती जिच्यात चालते ती परेड ही दोन्ही एकाच ‘पारारे’ची लेकरे ठरतात, आणि मागून येणाऱ्या पॅरामिलिटरी दलांसमोर वहीत ‘ग’ लिहावा लागतो.